छत आपले, टॉवर आमचा

ताडपत्रीभूषण, छत्रविशारद, कळंबोलीच्या समस्त ट्रकवाल्यांचे तारणहार श्री. साहेब यांस,

मुक्काम रोडपालीहून आपल्या एका कृतार्थ गिऱ्हाइकाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आमच्या बोटीवर घातलेले छत. खरे तर आभार फोनवरच मानणार होतो. पण बिलाचे पैसे पोचल्यापासून आपण फोन उचलत नाही. मोठ्या माणसांना उसंत नसते, हे आम्ही जाणतो. म्हणून हे खुले पत्र. चार माणसांनी वाचले तर आपलीच जाहिरात होईल. दुसरा कोणताही हेतू नाही.

सर्वप्रथम आपल्या मापाबद्दल. आपण स्वतः खाडीवर आलात, चिखलात बूट भरवलेत, कमरेची टेप काढलीत. लांबी घेतलीत, रुंदी घेतलीत, बोट गाळात बसलेली असताना उंचीही घेतलीत. वहीत लिहिलेत, कानाला पेन्सिल लावलीत आणि चहा घेऊन गेलात. इतके चोख काम हल्ली पाहायला मिळत नाही. फक्त एकच क्षुल्लक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली. ती बोट लिफ्टवर होती. आणि लिफ्ट, साहेब, वर उचलण्यासाठी असते.

चार खांब, वर दोन गर्डर, चार कोपऱ्यांना चेन-पुली आणि बोटीच्या पोटाखालून गेलेले दोन पट्टे, ही चौकट आम्ही आपल्याच शेजारच्या लोखंड बाजारातून माल आणून उभी केली होती. हौस म्हणून नव्हे. पावसाळ्यात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि खाली सोडलेली बोट रात्रभर खांबांवर आपटत राहते. ती पाण्यापासून वर टांगली की तळाला शिंपले धरत नाहीत, पंख्यात दोर अडकत नाही. म्हणजे बोट खाली असते तेव्हा ती कामावर असते आणि वर असते तेव्हा छताखाली. आपण छताची उंची कामावरच्या बोटीची घेतलीत. गिऱ्हाईक कामावर असावे, ही आपली तळमळ त्यातून दिसली.

त्यातून आमच्या बोटीला टॉवर. केबिनच्या टपावर पाईपचा सांगाडा, त्यावर फोकस, जीपीएसची थाळी, वायरलेसची एरिअल आणि सगळ्यांच्या वर झेंडा. हा सांगाडा आपल्याला दिसला नसेल असे म्हणवत नाही, कारण आपण त्यालाच धरून उभे राहून टेप खाली सोडली होती.

मेअखेर बोट वर घेतली तो क्षण आपण पाहायला हवा होता. साखळ्या कडकड वाजत होत्या, बोट सरळ वर येत होती, सगळे खूश. मग एरिअलचे टोक ताडपत्रीला लागले. ताडपत्री आधी आदराने वर उचलली गेली, तंबूसारखी. एरिअल वाकली. फोकसची काच पायाशी पडली. नंतर सांगाड्याचा कोपरा बरोबर आपल्या दुहेरी शिलाईवर आला आणि शिलाई एका दमात पार आडवी उसवत गेली. काठावर बसलेले आमचे चुलते नाना एवढेच म्हणाले, "आरं, बोट झाकलीस का ट्रक?" त्यांचे बोलणे मनावर घेऊ नका. जुनी माणसे, त्यांना नवे तंत्र कळत नाही.

आपण मात्र तत्परतेने उपाय सांगितलात, हे विसरता येणार नाही. तेव्हा फोन लागत होता. "शेट, टॉवर कापून टाका." किती सोपे! टोपी बसेना तर डोके तासावे, ही दूरदृष्टी आम्हाला कुठली? अमेरिकेत तळ्यांच्या काठी अशा लिफ्ट पुष्कळ असतात आणि वेकबोर्डच्या, म्हणजे मागे माणसाला फळीवरून ओढत नेणाऱ्या, बोटींना असेच टॉवर असतात. तिथले लोक वेडे. ते बोट पार वर घेतात, टॉवरच्या शेंड्यापासून माप घेतात, त्यावर मोकळी जागा सोडतात आणि मग छताचे पाय लांब करून घेतात. काही जण टॉवरलाच बिजागर बसवून तो आडवा पाडतात. कापत कोणीच नाही. त्यांना आपण भेटला नाहीत, दुसरे काय.

टॉवर कापायला आम्ही कां-कूं केली तेव्हा आपण मोठ्या मनाने ताडपत्रीच कापलीत. टॉवर बाहेर काढायला मधोमध चीर, तिला ताडपत्रीचीच बाही आणि बाही पाईपला नायलॉनच्या दोरीने आवळलेली. पाऊस आला, पाईपवरून ओघळला, बाहीत शिरला आणि थेट केबिनमध्ये, बॅटरीच्या डोक्यावर. ज्या पाण्यापासून बॅटरी वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप, ते आपण पन्हाळ लावून तिच्यापर्यंत आणून दिलेत. आधी पाऊस बोटीवर कुठेही पडायचा. आता नेमका हवा तिथे पडतो.

आपल्या मूळ व्यवसायाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे, हे इथेच नमूद करतो. एक्स्प्रेसवे जिथून सुटतो त्या कळंबोलीत ट्रकची ताडपत्री बांधणे ही कला आहे. भरलेल्या हौद्यावर ताडपत्री टाकायची, फाळक्याच्या हुकांना दोर कसायचा, वर चढून पायाने दाबायचा. वारा समोरून येतो आणि कसलेल्या ताडपत्रीखाली लोखंडाचा नाहीतर सिमेंटचा माल असतो, तिला फुगायला जागाच नसते. छताचे तसे नाही. त्याखाली माल नसतो, हवा असते. वारा खालून शिरतो आणि छत वर उचलतो. आपण ट्रकच्या हिशेबाने चारी बाजू खाली खेचून बांधल्यात. वाऱ्याला आत यायला वाट ठेवलीत, बाहेर जायला नाही.

त्यावरून एक हिशेब आठवला, आपल्याला करमणूक म्हणून सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. इमारतींवरच्या वाऱ्यासाठी जे भारतीय मानक आहे, आयएस 875 चा तिसरा भाग, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. ढोबळ हिशेबाने चौरस मीटरला 118 किलो दाब. आपले छत 36 फूट बाय 12 फूट, म्हणजे 40 चौरस मीटर. झाले पावणेपाच टन. ते आपण चार नटबोल्ट आणि श्रद्धेवर तोलून धरले आहेत. मानके लिहिणाऱ्यांनी श्रद्धेचा गुणांक कुठेच दिलेला नाही, ही त्यांची चूक.

आपण म्हणालात, "एवढा वारा येतो कुठे इकडे?" खरेच. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच रायगडच्या किनाऱ्यावर चढले, ते बहुधा आपली परवानगी न घेता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते बाहेरून किनारा चाटत वर गेले. पण वादळाचे राहू द्या. आषाढातला साधा नैर्ऋत्येचा वारा लागला आणि ताडपत्रीला दोर ओवायला आपण ठोकलेल्या पितळी डोळ्यांनी एकेक करून माना टाकल्या. आधी कोपऱ्यातला गेला, मग त्याच्या शेजारचा. एक सुटला की त्याचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. रात्रभर ती फडफड. अख्ख्या आळीला जागरण घडले, देवीचे नाव घेण्याचा योग आला. त्याचे पुण्य आपल्या खाती.

आता पाण्याविषयी. छताला उतार न देता ते सपाट ठेवण्यात आपली समदृष्टी दिसते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. इकडे एका दिवसात 100 मिलिमीटर ही काही बातमी नव्हे, म्हणजे आपल्या छतावर 4000 लिटर, 4 टन. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, तो हिशेब आपणच करा. उतार असता तर हे पाणी खाडीत गेले असते. सपाट छतात त्याला मुक्काम मिळाला. आधी वाटीएवढा खळगा, त्यात पाणी, पाण्याने खळगा मोठा, मोठ्या खळग्यात आणखी पाणी. मग खालून बांबूने ढोसायचे आणि साठलेली खेप स्वतःच्याच बगलेत घ्यायची. नळाला पाणी न येण्याच्या दिवसांत आमची ही सोय आपण केलीत.

नाना सांगतात, त्यांच्या लहानपणी बोट काठावर ओंडक्यांवरून ओढायचे आणि शाकारायचे. मधोमध बांबूचे आढे, दोन्ही बाजूंना उतरते वासे, त्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप, सुंभाने आवळलेले. डोलकाठी? ती आधीच उतरवून बोटीतच आडवी ठेवायची. पाणी निथळायचे, झापांच्या फटींतून हवा खेळायची, वारा त्याच फटींतून निघून जायचा. पावसाळा सरला की झाप चुलीत. याला ना टेप लागे, ना कोटेशन. असल्या मागास पद्धतीतून आपण आम्हाला सोडवलेत. झाप काही स्वस्त किंवा सोपे नव्हते, दर वर्षी नव्याने विणावे लागत, हे आपल्या बाजूने सांगतो. पण ज्याने शाकारले त्याला बोटीची उंची ठाऊक असे, कारण मासेमारीलाही तोच जायचा.

हवेवरून आठवले. आपण जे घट्ट बांधून दिलेत त्याखाली ऊन पडले की वाफ, वाफेचे दहिवर, दहिवराची बुरशी. आसनांच्या फोमवर काळी, जाळ्यांवर पांढरी, लाइफ जॅकेटवर हिरवट. बाहेरून पाऊस आणि आतून घाम, असे दोन्हीकडून बोट भिजते आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लाकूड लवकर कुजते, हे खाडीवरचे पोरही सांगेल. आमची बोट फायबरची, पण इंजिनमागच्या फळीत आत प्लायवूडच आहे. स्क्रूच्या भोकातून तिथे पावसाचे पाणी शिरते. वरून काही दिसत नाही, फळी आतून भुसा होत जाते. आपल्या कामासारखीच ती दिसायला झकास राहील.

आणि ताडपत्रीचा तो निळा रंग! आपण "यूव्हीवाला माल" म्हणून छातीवर हात मारलात. उन्हाने तो असा काही पिकला की आता हात लावावा तिथे पापुद्रे निघतात. त्याचे निळे तुकडे भरतीबरोबर आत येतात, ओहोटीबरोबर बाहेर जातात आणि बोय-कोळंबीच्या आधी जाळ्यात सापडतात. तळोज्याच्या कारखान्यांकडून कासाडी नदी जे आणते ते या खाडीला आधीच पुरेसे होते. आपण त्यात रंगसंगती साधलीत.

सरकारने 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद ठेवली आहे. माशांना अंडी घालायला सवड मिळावी आणि माणसे खवळलेल्या समुद्रात जाऊ नयेत म्हणून. डागडुजीही याच काळात उरकायची. आपल्या कृपेने आमची सुटी छताच्या सेवेत गेली. बोट एकदाही नीट तपासून झाली नाही, ताडपत्री मात्र रोज तपासली.

आता एक नम्र विनंती. पुन्हा कधी कोणाच्या बोटीवर छत घालण्याचा योग आला तर गिऱ्हाइकाला एवढेच म्हणा, "लिफ्ट पार वर घ्या." मग टॉवरच्या सगळ्यात उंच टोकाला, म्हणजे एरिअलला, टेप लावा. आढे घालून छताला उतार द्या, दोन्ही टोके वाऱ्याला मोकळी ठेवा आणि वादळाचा इशारा आला की पाच मिनिटांत कापड उतरवता येईल अशा गाठी मारा. हे सगळे आपल्या बुद्धीला शोभणारे नाही, फार साधे आहे, पण आमच्यासारख्यांना तेवढे पुरते.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, दुकानातल्या पोरांस आशीर्वाद. शिलाई मारणाऱ्या मुलाचा हात खरोखर चांगला आहे, त्याला रागावू नका. त्याला दिलेल्या मापावरच त्याने शिवले.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला ओलाचिंब,
रोडपालीचा एक बोटवाला

ता. क. – बिल पुन्हा वाचताना एक रकाना दिसला, 'टॉवर कटिंग मजुरी'. टॉवर अजून जागेवर उभा आहे. तेवढी रक्कम जीएसटीसकट परत पाठवावी. एरिअल नवी घ्यायची आहे.