साखळी भाड्याची, बंड शाळेचं

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना येते ती शुक्रवारी रात्री दहाला. लालबागपासून गिरगावपर्यंतची स्टेशनरीची दुकानं शटर ओढून मोकळी झाली, याची खात्री करूनच ती सोडत असावेत. या खेपेची सूचना अशी: ‘इयत्ता तिसरी. उपक्रम : घरच्या घरी वेशभूषा व रॅप सादरीकरण. विषय : पालेभाज्यांचे महत्त्व. वेळ : एक मिनिट. पोशाख घरातील वस्तूंपासून तयार करावा. सादरीकरण उत्स्फूर्त असावे. व्हिडिओ सोमवारी सकाळी आठपर्यंत पाठवावा. पालकांनी मदत करू नये.’

शेवटचं वाक्य वाचलं की पालक कामाला लागतात.

वेशभूषेचं या भागाला वावडं कधीच नव्हतं. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला आणि गणपतीचे दिवस व चाळीचा चौक अशी रंगभूमी आपल्याला कायमची मिळाली. तिथे पिढ्यान् पिढ्या टिळक आले, झाशीच्या राणी आल्या, टोपलीत प्लास्टिकचे पापलेट घेऊन कोळिणी आल्या. टिळकांच्या मिशा डिंकाने चिकटवलेल्या असत आणि ऐन घोषणेच्या वेळी त्यातली डावी बाजू सुटे. वाक्य एकच, तेही आठवत नसे. मग आई विंगेतून, म्हणजे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून, इतक्या मोठ्याने सांगे की बक्षीस खरं तर तिलाच द्यायला हवं होतं. पण टिळक स्वस्तात होत. आजोबांचं उपरणं, शेजारच्या काकांची पगडी, भागलं.

रॅपर महाग पडतो.

शनिवारी सकाळी भुलेश्वरच्या इमिटेशनवाल्यांकडे साखळीची चौकशी सुरू होते. साखळी जाड हवी, एमसी स्टॅनच्या गळ्यात असते तशी, पण मानेला लागणारी नको, कारण बाळाला लगेच पुरळ येतं. टोपी उलटी घालायची, म्हणून सुलटी छान दिसणारी विकत घेतात. गॉगल दादरच्या फुटपाथवरचा. टी-शर्ट बाबांचा, तो गुडघ्यापर्यंत येतो, आणि अख्ख्या पोशाखात ‘घरातील वस्तू’ ही अट पाळणारी एवढीच गोष्ट. आत्या आयब्रो पेन्सिलने दंडावर टॅटू काढते. आजी सुचवते की साखळीऐवजी माझी मोहनमाळ घाल, निदान सोन्याची तरी आहे. आजोबा पेपर खाली करून विचारतात, “गॅदरिंगला गुंडाचं काम मिळालंय का रे?”

शब्दांचं खातं बाबांकडे. कॉलेजात त्यांनी एकांकिका केल्या होत्या, हे त्या निमित्ताने घरातल्या सर्वांना पुन्हा एकदा कळतं. तास-दोन तास झगडून ते ऑफिसच्या लॅपटॉपवर एआयला शरण जातात आणि पुढील बंडखोर काव्य जन्माला येतं:

पालक खा, मेथी खा, यो!
लोह वाढवा, यो यो!
माठाला नाही म्हणू नका,
आईचे ऐका, यो!

विषय पालक, कवी पालक, दिग्दर्शक पालक, प्रेक्षकही पालक. मुलाकडे यात काम एकच, ‘यो’ म्हणताना दोन बोटं कॅमेऱ्याकडे रोखणं. ते त्याला उत्तम जमतं, पण आई म्हणते, बोटं मोठ्यांकडे रोखायची नाहीत. मग रीटेक.

मॅडमनी जरा रॅपचा इतिहास चाळला असता, तर त्यांनी सरळ पसायदान पाठ करायला सांगितलं असतं. ११ ऑगस्ट १९७३ ची गोष्ट. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या सेजविक अ‍ॅव्हेन्यूवर १५२० नंबरची इमारत आहे. तिथे राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा उघडण्याआधी नवे कपडे हवे होते, आणि पैसे नव्हते. तिने इमारतीचा हॉल घेतला, भावाला तबकड्या वाजवायला बसवलं आणि दाराशी तिकीट लावलं, मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. भाऊ पुढे डीजे कूल हर्क म्हणून नावाजला, आणि हिप-हॉपचा जन्म त्याच रात्री झाला असं मानतात. म्हणजे भाडेकरूंची इमारत, खालचा हॉल, शाळेचे कपडे आणि रिकामा खिसा. एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहिला. चारही गोष्टी परळमध्ये मुबलक होत्या.

आवाजही होता. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि कामगारवस्त्यांत डफ-तुणतुण्यावर मालकांची हजेरी घेतली. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती, तिला अण्णा भाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहून उत्तर दिलं. आपल्या शेजारच्या नववीतल्या मुलाला असं उत्तर देणं म्हणजे अमेरिकेतून आलेली कला वाटते. सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, यावरून कार्यक्रम चांगले होत असणार. आणि जाड साखळी त्यांच्यापैकी एकाच्याही गळ्यात नव्हती.

अलीकडचंच हवं असेल तर कुर्ल्याचा नेझी घ्या. २०१४ साली त्याने ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर काढला. त्याच्या आणि अंधेरीच्या डिव्हाइनच्या आयुष्यावरून २०१९ मध्ये ‘गली बॉय’ निघाला, आणि रॅप हा प्रकार मध्यमवर्गाने तिकीट काढून, पॉपकॉर्न खात मान्य केला. घरच्या घरी करण्याची अट नेझीने पाळली म्हणायची. पालेभाज्या तेवढ्या राहिल्या.

पालेभाज्यांचं महत्त्व मला पटलं ते एप्रिल २०२३ मध्ये. राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी तरुणांनी राजकारणावर आणि जनतेच्या हालांवर रॅप केले. पहिल्यावर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, दुसऱ्यावर इथे वडाळ्याला. मेथीवर रॅप केल्याबद्दल अजून तरी कुणाला पोलीस स्टेशनात बोलावलेलं नाही. शाळा दूरदृष्टीची असते ती अशी.

मात्र रविवारी दुपारी एक घोटाळा होतो. आई कॅमेऱ्याचा स्टँड शोधायला आत जाते, बाबा डुलकी काढतात, आणि पोरगं गॅलरीत, म्हणजे चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या दीड फुटी डेकवर, बादली पालथी घालून बडवू लागतं. लय अगदी नाशिक ढोलाची, ती त्याला शिकवावी लागत नाही, लालबागचं पाणीच तसं. आणि शब्द येतात. बाबा ‘पाच मिन्टं’ म्हणतात ती पाच मिनिटं ऑफिसातून आजवर घरी आलेली नाहीत. सेक्रेटरी काकांनी पोडियमवर ‘बॉल खेळू नये’ असा बोर्ड लावलाय, सायकल चालवू नये, पळू नये. मग पोडियम आहे कुणासाठी, कबुतरांसाठी? मंगळवारी अबॅकस, बुधवारी तबला, गुरुवारी ‘पर्सनॅलिटी’, ही पर्सनॅलिटी शिकवणारी बाई स्वतः कधी हसत नाही. मॅडम म्हणतात मनातलं बोला, आणि मग मनातलं काय ते फळ्यावर लिहून देतात. यमक जुळत नाही तिथे तो बादलीवर एक जादा थाप मारतो, आणि ते यमकापेक्षा बरं वाटतं.

खालच्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडतात. सेक्रेटरी फोन करतात. आई धावत येऊन बादली काढून घेते: “हे काय भलतंच? शाळेत कळलं तर? चल, टोपी घाल. पालक खा, मेथी खा… हसून म्हण!”

सोमवारी सकाळी सात पंचावन्नला व्हिडिओ जातो. मॅडमचा अंगठा येतो, खाली ‘व्हेरी क्रिएटिव्ह’.

लालबाग-परळ-दादर-गिरगावच्या समस्त आई-बाबांना एक विनंती आहे. पुढच्या खेपेला भुलेश्वर गाठू नका. फोन पोराच्या हाती द्या, बादली द्या, दार ओढून घ्या आणि एक मिनिट जिन्यात उभे राहा. आतून तुमचं नाव ऐकू येईल, सेक्रेटरींचं येईल, मॅडमचंही येईल. मध्ये जाऊ नका, व्याकरण सुधारू नका, आणि ते कुणाला फॉरवर्ड करू नका. शाळेला पाठवायचा पालेभाज्यांचा व्हिडिओ कुणाकडूनही मागून घ्या. ग्रुपवर चाळीसेक पडलेत, सगळे सारखेच आहेत.