किल्लीचा ठोकळा

गणपती उठले की नवरेमंडळींना निसर्गाचा उमाळा येतो. कोकणात जाऊन मासे खाऊन परतायचे दिवस गेले. आता ‘कोस्टल’ करायचं असतं. ताम्हिणीतून उतरा, बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवा, वेश्वीला काढा, मग दाभोळची बोट, मग तवसाळहून जयगडची, आणि मालवणला पोचलात की स्टेटस टाका : फक्त आम्ही दोघं. त्या दोघांतली एक चांदणी चौकापासून पाण्याचा थेंब प्यायलेली नसते, ते काही स्टेटसमध्ये दिसत नाही.

ती एक म्हणजे मी. निघताना नवऱ्याने लिटरभर पाण्याची बाटली घेऊन दिली होती, प्रेमाने. तिचं सील मी रात्री दापोलीच्या खोलीत तोडलं.

माणगावच्या अलीकडे पंपावर थांबलो होतो. दारावर नमस्कार करणारी बाई रंगवलेली, कपाळाला टिकली, आणि तिच्या जोडलेल्या हातांखाली कुलूप. किल्ली? “मॅनेजरकडे.” मॅनेजर? “जेवायला.” सकाळचे साडेनऊ वाजले होते. शेजारच्या पुरुषांच्या दाराला कुलूप नव्हतं. तिथे दारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूर्णगडच्या पुढे कशेळीच्या सड्यावर नवऱ्याने आपणहून गाडी थांबवली. जांभ्यावर बोटभर माती, तिच्यात सीतेची आसवं निळी फुललेली. “बघ, नजर पोचेल तिथवर काही नाही!” मी तेच बघत होते. झाड नाही, करवंदाची जाळी नाही, गुरांसाठी घातलेला गडगासुद्धा नाही. मोकळा निसर्ग म्हणतात तो हा. नवरा “आलोच एक मिनिट” म्हणून गाडीमागे जाऊन आला, तिसऱ्यांदा. त्याला ताम्हिणीपासून सगळं कोकणच सोयीचं. मग आम्ही कातळात कोरलेला भलामोठा हत्ती बघितला. कुणी कोरला, कधी कोरला, यावर तो भरभरून बोलला. 2022मध्ये कोकणातली कातळशिल्पं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, हेही सांगितलं. मी हत्तीच्या पोटाशी उभी राहून एवढाच विचार करत होते, की एवढा कातळ फोडणाऱ्याने चार चिरे उभे का नाही केले?

परतीला हायवेवरच्या पंपावर किल्ली मिळाली. किल्लीला फूटभर लाकडाचा ठोकळा बांधला होता, आणि ठोकळ्यावर लाल ऑइलपेंटने ‘लेडीज’. का? तर बायका किल्ली पळवतात. मला सांगा, मी ती नेऊन काय करणार होते, कोथरूडात बसून हायवेवरचं दार उघडणार होते? तो ठोकळा दोन्ही हातांत धरून मी डिझेलच्या रांगेसमोरून निघाले. हवा भरणाऱ्या पोराने नळी बाजूला घेऊन वाट दिली, तीन ट्रकवाले बघत होते, एकाने तर चहा थांबवला. हातात दंड घेतलेला चोपदार आणि मागची पालखी, दोन्ही मीच. कुठे निघाले ते अख्ख्या पंपाला कळलं. आत ऑइलचे डबे, मोडकी खुर्ची, कुणाची तरी मोटरसायकल, आणि नळाला पाणी नाही. टाकी पाच मिनिटांत भरून देता, काच पुसून देता, वर सलाम ठोकता; गाडीतल्या बाईला मात्र गळ्यात लोढणं घातलेल्या म्हशीसारखी फिरवता! मोटरसायकलला आडोसा आहे तुमच्याकडे. माझी आई एसटीने राजापूरला जायची तेव्हा आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडायची. माझी मुलगी सेडानमधून जाते, गाडीला सनरूफ आहे, आणि तीसुद्धा घोटभरच पिते. वर डॉक्टर विचारतात, पाणी का पीत नाही?

राजापूरच्या अलीकडे एका घरात मी नुसती दारात उभी राहिले होते. तिथल्या वहिनींनी काही न विचारता मागची पडवी दाखवली आणि परत येईपर्यंत ओट्यावर तांब्या भरून ठेवला. तेवढंच पाणी त्या प्रवासात दिवसाउजेडी प्यायले.

नवरा म्हणतो, ट्रिप झकास झाली, गाडीने अ‍ॅव्हरेज एकोणीसचं दिलं.

पंपवाल्यांनी काळजी करू नये. ठोकळ्यासकट किल्ली मी मॅनेजरच्या टेबलावर नीट परत ठेवली आहे. कुलूप माझ्या पर्समध्ये आहे.