हिरवी टगबोट, परकं जहाज

राळेगणसिद्धीच्या शिवारात उभं राहून समुद्राविषयी बोलायला लागलात, तर ऐकणारा आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करील. वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाचा हा पारनेर तालुका. इथलं मोठं पाणी म्हणजे पाझर तलाव, तोही भरला तर. पण समुद्र या तालुक्याला चांगला ओळखतो, कांद्यामुळे. इथला निवडक माल न्हावाशेव्याला जातो आणि तिथून दुबईला, मलेशियाला, श्रीलंकेला. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा ज्यांनी जन्मात बंदर पाहिलं नव्हतं त्यांनाही ते बंद झाल्याचं लिलावात कळलं. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण जाताना ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून गेली. ते शुल्क पुरतं सुटायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

आता समुद्राकडून नवा पाहुणा येतोय, कार्बनचा. बाजार समितीच्या हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई, वाराई यांच्या रांगेत तो बसणार नाही, तेवढा तो साधा नाही. तो भावातच बसून येईल.

युरोपने सुरुवात केली. १ जानेवारी २०२४ पासून मोठ्या जहाजांना आपल्या धुराचे पैसे मोजावे लागतात. २०२४ च्या धुराच्या ४० टक्क्यांवर आकारणी, २०२५ च्या ७० टक्क्यांवर, २०२६ पासून सगळ्या. बाहेरून युरोपात येणाऱ्या फेरीचा अर्धा धूर हिशोबात धरतात. जहाज कंपन्यांनी काय केलं? माल पाठवणाऱ्याच्या बिलात वेगळी ओळ टाकली आणि मोकळ्या झाल्या. नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला जातात. तिथला सुपरमार्केटवाला दर वाढवून देत नाही, जहाजवाला भाडं सोडत नाही, मधला निर्यातदार आपला नफा सोडत नाही. राहिला कोण? बागाईतदार. हवामान वाचवण्याचा पहिला हप्ता त्याने भरला, फक्त त्याला पावती मिळाली नाही.

दुबईच्या कांद्यावर आज असा कर नाही. जगभरासाठी तो यायचा होता. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या आसपास जहाजवाहतुकीचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. एप्रिल २०२५ मध्ये नियमही तयार झाले: ठरल्यापेक्षा जास्त धूर सोडलात तर टनामागे १०० ते ३८० डॉलर, आणि त्या पैशातून स्वच्छ जहाजांना बक्षीस व गरीब देशांना मदत. ६३ देशांनी होकार दिला, त्यात भारतही होता. मग ऑक्टोबरमध्ये लंडनला शिक्कामोर्तब करायला सगळे जमले. ट्रम्पसाहेबांनी त्याला घोटाळा म्हटलं, होकार देणाऱ्या देशांना व्हिसा आणि बंदरशुल्काचा धाक दाखवला, सौदी अरेबियाने तहकुबीचा ठराव मांडला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी विषय वर्षभर पुढे ढकलला गेला. ग्रामसभेत नको असलेला विषय ‘पुढील सभेत’ ढकलतात, त्याची ही लंडन आवृत्ती.

जहाजावर फार राग काढण्यातही अर्थ नाही. जगाचा बहुतेक व्यापार ते वाहतं आणि जगाच्या एकूण धुरात त्याचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. टनामागे त्याच्याइतकं स्वस्त आणि कमी धुराचं वाहन नाही. दोष त्याच्या पोटातल्या इंधनात आहे. रिफायनरीत पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर तळाला जो दाट गाळ उरतो तो जहाजं जाळतात. गरम केल्याशिवाय तो नळीतून सरकतही नाही. त्यातल्या गंधकाची मर्यादा २०२० मध्ये साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली, तेव्हाही ‘व्यापार बुडणार’ अशी बोंब झालीच होती. व्यापार बुडाला नाही.

राळेगणसिद्धीनेही बंद्या पाहिल्या आहेत. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारेंनी गाव हाती घेतलं तेव्हा नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आली. डोंगरउतारावर चर खोदले, नाल्यांना बांध घातले, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आवर घातला. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधण्याचा तिथला प्रकार मला कधीच पटला नाही, आजही पटत नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. चराईबंदी लागली तेव्हा ज्याच्या शेळ्या जास्त त्याला वर्षभराची मुदत देऊन ज्याच्या दोनच शेळ्या त्याच्याकडून दंड घेतला, असं झालं असतं तर त्या डोंगरावर आज गवताची काडी दिसली नसती. लंडनमध्ये नेमकं तेच चाललंय.

पुढचा विनोद देशी आहे. राळेगणसिद्धीत शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याच्या सरकारी योजनेचा प्रयोग राज्यात सुरुवातीलाच, २०१७ मध्ये, हाती घेतला गेला. म्हणजे पंप उन्हावर चालणार, कांदा उन्हावर भिजणार. आणि तोच कांदा गाळ जाळणाऱ्या जहाजात बसून परदेशी जाणार. ते जहाज तरी आपलं आहे का? सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला पंतप्रधानांनीच हिशोब मांडला: पन्नास वर्षांपूर्वी देशाचा ४० टक्क्यांहून अधिक व्यापार भारतीय जहाजांतून होत असे, आता उरला पाच टक्के. परदेशी जहाज कंपन्यांना वर्षाला भाडं जातं सुमारे सहा लाख कोटी रुपये. आयात-निर्यातीचा वजनाने ९५ टक्के माल समुद्रावरून जातो आणि त्याची गाडी भाड्याची.

अशा देशात हरित संक्रमण कुठून सुरू व्हावं? टगबोटीपासून. ऑगस्ट २०२४ मध्ये हरित टगबोटींचा कार्यक्रम निघाला. न्हावाशेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर, कांडला, पारादीप आणि तुतीकोरिन यांनी आधी प्रत्येकी दोन अशा बोटी घ्यायच्या. बोटी चांगल्याच आहेत, बंदराची हवा सुधारेल, देशी गोद्यांना काम मिळेल. पण टगबोट करते काय? दुसऱ्याच्या जहाजाला दोर लावून धक्क्यापर्यंत आणते. पाहुण्याची आलिशान गाडी ढकलायला आपण विजेची ढकलगाडी घेतली आणि त्याचे फोटो काढले.

हे असंच राहायला हवं, असं नव्हतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हणजे पारनेरइतक्याच कोरड्या मुलखातल्या माणसाने, १९१९ मध्ये भागीदारांसह सिंधिया ही जहाज कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली जुनी ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला सोडली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांचा गळा आवळायचा प्रयत्न केला, तरी माणूस हटला नाही. तो ५ एप्रिल आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा करतो. भाषणं होतात, हार घातले जातात, आणि संध्याकाळी कांद्याचा कंटेनर परदेशी जहाजावर चढतो.

आता केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं आहे. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण शहाणपण आहे. धोका एवढाच की जहाजाचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं. २०२८ मध्ये जुन्या इंधनाचं जहाज पाण्यात सोडलं, तर ते २०५० च्या दारात धूर सोडत उभं असेल आणि त्याचा दंड पुन्हा मालाच्या भावातून वसूल होईल. मिथेनॉल, अमोनिया, जे काय ठरवायचं ते आराखड्याच्या कागदावरच ठरवा. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी खासदार गावात आले की कांद्याच्या भावाबरोबर त्यांना आणखी दोन प्रश्न विचारा: या पैशातलं पहिलं मालवाहू जहाज कोणत्या इंधनावर चालणार, आणि जहाजभाड्यातला कार्बनचा आकडा शेतकऱ्याला लेखी कोण दाखवणार?