ताजी फाइल, शिळी खबर

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली नेटवर्क फाइल सिस्टीम, म्हणजे एनएफएस, घडवली तेव्हा वायदा साधा होता: दूरच्या सर्व्हरवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी वाटेल. वाटतेही. फक्त कधी कधी ती मघाची असते.

दर वेळी सर्व्हरला विचारत बसलं तर काम रखडतं. म्हणून क्लायंट, म्हणजे फाइल मागणारं यंत्र, फाइलचा आकार, बदलाची वेळ वगैरे तपशील कॅशमध्ये जपतो. लिनक्सवर या जपणुकीची मुदत मुळात अशी ठरलेली: फाइलसाठी किमान ३ सेकंद, डिरेक्टरीसाठी ३०, कमाल दोन्हींना ६०. तेवढ्यात सहकाऱ्याने नवी फाइल ठेवली, तरी यंत्र छातीठोकपणे सांगू शकतं, 'अशी फाइलच नाही.' नकारही तितक्याच निष्ठेने साठवलेला असतो. सरकारी कचेरीने हेवा करावा!

दुरुस्तीच्या तऱ्हा औरच. मुदत घटवली की शिळेपणा जातो, जाताना वेगही घेऊन जातो. तपशिलांची कॅश बंदच केली, तर सर्व्हर चौकशांखाली दबतो.

त्यात फाइल बदलली का, हे ओळखायचं वेळेवरून. लिनक्सची ईएक्सटी३ फाइल सिस्टीम ही वेळ अख्ख्या सेकंदांत नोंदवायची. एकाच सेकंदात दोनदा लिहिलं, मध्येच क्लायंट डोकावला आणि आकारही तोच राहिला, तर दुसरा बदल त्याच्या लेखी झालाच नाही. पुढे नोंद बारीक झाली, पण घड्याळाचे ठोके मिलिसेकंदांचेच राहिले.

वेळेवरच विसंबणारी एनएफएसची तिसरी आवृत्ती १९९५ची. गरजेपुरती अधिक बारीक वेळ नोंदवण्याची सोय लिनक्स ६.१३मध्ये आली, २०२५च्या जानेवारीत.