मुंबईचे, म्हणजे नक्की कुठले?

बदलापूरचा माणूस नागपूरच्या लग्नात ‘मुंबईहून आलो’ म्हणतो आणि दादरच्या लग्नात ‘बदलापूरहून’. तिथे रुबाब, इथे उशिराची सबब. महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरला संपते. विरार तर २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलं. पण नागपूरचे व्याही कुठे नकाशा घेऊन बसलेत? गिरगावातल्या जुन्या मंडळींच्या लेखी माहीमच्या पुढे सगळं परगावच. त्यांच्या हिशेबाने बोरिवलीकरही थापाच मारतो. ठाणेकर मात्र ताठ. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती, अंधेरीला नव्हे! (हे सांगायला त्यांना निमित्त लागत नाही.) बिल्डरांनी हा वाद केव्हाच मिटवलाय: जाहिरातीत कर्जतही मुंबईच, फक्त ‘निसर्गाच्या कुशीत’. मला विचाराल तर सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये एक पाय टेकवायला जागा मिळवणाऱ्याने खुशाल स्वतःला मुंबईकर म्हणावं. मलबार हिलवाल्यांनी आधी ती गाडी पकडून दाखवावी, मग हरकत घ्यावी.