बटवडा सोडून सर्व काही

टपाल खात्याची टवाळी करणं ही आपल्याकडची जुनी करमणूक आहे. पत्र उशिरा आलं की टवाळी, वेळेवर आलं की आश्चर्य. आम्हांला ही वृत्ती मुळीच पसंत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत या खात्यानं पत्ता सुधारला, कायदा सुधारला, सेवांची नावं सुधारली. एवढं सगळं झाल्यावर बटवड्याचं काय झालं, असं विचारणं हा निव्वळ कोतेपणा आहे.

पत्त्यापासूनच पाहा. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशभरच्या एकसारख्या नावांच्या गावांचा गुंता त्यांनी सहा आकड्यांत सोडवला. कवी माणूस, थोडक्यात आटपायची सवय. पण थोडक्यात आटपलं तर प्रगती कशी दिसणार? म्हणून मे 2025 मध्ये खात्यानं डिजिपिन काढला. यात अक्षरं आणि आकडे मिळून दहा, आणि अख्ख्या देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन. म्हणजे ऐसपैस वाड्यात माजघराचा पत्ता वेगळा आणि ओसरीचा वेगळा. सासूसुनेचं टपाल आता एकमेकींच्या हाती पडायची भीती नाही. मुंबईच्या टॉवरात मात्र एकावर एक रचलेल्या चाळीस बिऱ्हाडांचा मिळून एकच डिजिपिन, कारण त्या चौकोनाला मजले कळत नाहीत. उपग्रह वरून बघतो. वरून बघणाऱ्यांना मधले मजले दिसत नाहीत हा सरकारी कामकाजाचा जुनाच नियम आहे.

पोस्टमनला मात्र ‘मारुतीच्या देवळामागं, पिठाच्या गिरणीला लागून’ एवढं पुरतं. पाकिटावरचं नाव वाचून तो दारातच सांगतो, ‘थोरले हल्ली पुण्याला असतात, धाकट्यांकडं देऊ का?’ हे ज्ञान कुठल्याच चौकोनात बसत नाही, त्यामुळे त्याची नोंद नाही.

दुसरी सुधारणा रजिस्टर एडीची. मराठी मध्यमवर्गाचं हे ब्रह्मास्त्र होतं. भाडेकरू जागा सोडत नाही, सोसायटीचा सेक्रेटरी हिशेब दाखवत नाही, चुलतभाऊ सातबाऱ्यावर नाव लावू देत नाही. सगळ्यांना एकच दम, ‘रजिस्टर एडीनं नोटीस धाडतो!’ समोरचा निम्मा तिथंच गार. 2025 साली खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. नोंदणी हवी असेल तर स्पीड पोस्टाच्या दरावर पाच रुपये आणि जीएसटी भरा. ‘थांब, तुला स्पीड पोस्ट करतो’ या वाक्यानं कोण घाबरणार? आणि भाऊबंदकीला स्पीड हवाय कुणाला? आजोबांनी लावलेला दावा नातवापर्यंत जपून आणायचा असतो.

रजिस्टर पत्रामागं कायद्याचं भक्कम पाठबळ होतं. 1897 चा जनरल क्लॉजेस ॲक्ट सांगतो की योग्य पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टरनं पाठवलेलं पत्र पोचलंच असं धरायचं. नाही पोचलं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. लगेच पुढच्या वर्षी, 1898 मध्ये, टपाल कायदा आला. त्याच्या सहाव्या कलमात लिहिलं की पत्र हरवलं, चुकलं, उशिरा गेलं किंवा फाटलं, तर सरकारनं स्वतःहून पत्करली असेल तेवढी जबाबदारी सोडून बाकी कशाचीही जबाबदारी सरकारवर नाही. म्हणजे पत्र पोचलंय हे कायद्याला पक्कं ठाऊक, आणि नाही पोचलं तर कुणाचाच दोष नाही. इंग्रज उगाच दीडशे वर्षं टिकला नाही.

पुढं देशाला या गुलामीच्या खुणेची लाज वाटली. 2023 मध्ये नवा टपाल कायदा झाला, 18 जून 2024 पासून लागू झाला, आणि सव्वाशे वर्षांचा वसाहतवादी कायदा इतिहासजमा झाला. नव्या कायद्यातही नियमांत सांगितली असेल तेवढीच खात्याची जबाबदारी. टपाल अडवून उघडून पाहायचा जुना अधिकारही आहेच, अर्थात देशाच्या सुरक्षेसाठी वगैरे. सव्वाशे वर्षांच्या प्रवासात एक शब्दही गहाळ न होता मुक्कामी पोचलेला मजकूर दाखवा, असं कुणी म्हटलं तर ही दोन कलमं दाखवावीत. अक्षर थोडं बदललंय, आशय जसाच्या तसा.

आता काउंटरकडं वळू. पोस्टात आज काय मिळत नाही? आधार दुरुस्ती मिळते, काही ठिकाणी पासपोर्टचं काम होतं, विमा 1884 पासून मिळतोच. पीपीएफ आहे, सुकन्या समृद्धी आहे, 2018 पासून पेमेंट्स बँक आहे. 2016 पासून गंगोत्री आणि ऋषिकेशचं गंगाजल बाटलीबंद मिळू लागलं. 2022 मध्ये घरोघरी लावायला तिरंगे इथूनच विकले. ज्या मोबाइलनं पत्राचा जीव घेतला, त्याची बीएसएनएलची सिमकार्डं विकायचा करारही 2025 मध्ये झाला. मारेकऱ्याला दुकानात भागीदार करून घेण्याइतकं मोठं मन दुसऱ्या कुठल्या खात्याला आहे?

‘ताई, एक पोस्टकार्ड द्या.’

‘काका, कार्डं संपलीत. गंगाजल देऊ?’

कार्ड असलं तरी अडचण असतेच. त्याची किंमत पन्नास पैसे. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं चालतं, पण कुणाच्याही गल्ल्यात नसतं. म्हणून एका मजकुरासाठी दोन कार्डं घ्यायची, आणि उरलेल्या कार्डावर कुणाला लिहावं याचा विचार करत बाहेर पडायचं. बाहेरच्या फळीवर डिंकाची वाटी असते. काडी वाटीला चिकटलेली, वाटी फळीला चिकटलेली, फक्त तिकीट पाकिटाला चिकटत नाही.

एवढी सगळी कामं खेड्यापाड्यांत करतं कोण? देशात 1 लाख 64 हजारांहून अधिक टपाल कार्यालयं आहेत, त्यांतली सुमारे 90 टक्के ग्रामीण भागात. तिथला कारभार अडीच लाखांच्या घरातले ग्रामीण डाक सेवक ओढतात. दहावीच्या गुणांवर निवड, सायकल यायला हवी, संगणकही यायला हवा. काम कागदोपत्री चार-पाच तासांचं, त्यांतल्या शाखा डाकपालाचा मूळ भत्ता बारा हजारांपासून. शाखा डाकपालानं पोस्टासाठी जागाही स्वतःच द्यायची. नियमित सरकारी कर्मचारी त्याला म्हणायचं नाही, त्यांच्यासारखं पेन्शनही नाही. आणि पात्रतेत एक मौलिक अट: उमेदवाराला उदरनिर्वाहाचं दुसरं पुरेसं साधन असलं पाहिजे. या नोकरीवर पोट भरणार नाही, हे सरकारनं इतक्या प्रामाणिकपणे आधीच लिहून दिल्याचं दुसरं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

खातं तोट्यात आहे म्हणून अधूनमधून दिल्लीत चिंता व्यक्त होते. त्यावर आमची एक नम्र सूचना आहे. देशाच्या कानाकोपऱ्यात पोचलेली ही सेवा ज्या अटींवर चालते, त्याच अटी वरपर्यंत लावाव्यात. सचिवांनी आणि मंत्र्यांनीही दिवसाला चार तास काम करावं, कार्यालय स्वतःच्या घरात थाटावं, फायली सायकलवरून न्याव्यात. खर्च एकदम निम्म्यावर येईल. उदरनिर्वाहाचं दुसरं साधन असण्याची अट तर मंत्र्यांना सर्वांत सोपी जाईल. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्राची एक झेरॉक्स जोडली की झालं.