मुकादम, तुमची प्लेसमेंट शंभर टक्के

श्रीयुत मुकादम यांस,


प्रथम अभिनंदन. जव्हार-मोखाड्यात पोरांना कामधंद्याला लावणारी एकच यंत्रणा वेळेवर चालते, ती तुमची.

परवा नववीचं रिटेल या व्यवसाय विषयाचं प्रात्यक्षिक होतं. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं ते करून दाखवणार होती. त्याच पहाटे तुमचा टेम्पो पाड्यावर लागला. पातेली, नागलीचं पोतं, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर ती. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर थेट नेमणूक!

२०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, २०२५पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी. तुमच्याकडे पाच वर्षांचं पोरही ओल्या विटा उलटत असतं. वयाची अट नाही, प्रवेश परीक्षा नाही, आणि पगार आगाऊ. सण तोंडावर, कणगी रिकामी, नेमक्या त्या दिवशी तुम्ही उचल हातावर ठेवता. आमच्या कुठल्या साहेबाला हा मुहूर्त साधलाय?

गणितातही तुम्ही आमच्या पुढे. नवरा-बायको मध्यरात्रीनंतर उठून विटा थापणार, भाव हजारी, आठवड्याला खर्ची. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि एवढं राबूनही बाकी अंगावरच फिरते. मग पुढच्या दिवाळीला तोच टेम्पो, तीच भट्टी. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने संपली, हे आम्ही पोरांकडून घोकून घेतो. ती पोरं हे उत्तर लिहितात आणि तुमच्या टेम्पोत चढतात.

आमचंही कौतुक करा. रिटेलचे मास्तर कंत्राटी. कंत्राट लांबलं की वर्गात नुसता तक्ता. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३पासून शाळकरी पोरांच्या हाती हत्यारं दिली, गावाच्या उपयोगाची कामं करवून घेतली. आमच्याकडे मोगरा आहे, काजू आहे, वरई-नागली आहे. आम्ही शिकवतो, मॉलमध्ये आलेल्या गिऱ्हाईकाचं हसून स्वागत कसं करावं. मोखाड्यात मॉल कुठे आहे, ते तुम्हीच सांगा; तुम्ही पाडा न् पाडा फिरता.

तुमच्यावर धड रागावताही येत नाही. जुनं जनरल रजिस्टर चाळताना तुमचं नाव सापडलं. आठवी. शाळा सोडल्याचं कारण : सतत गैरहजर. तेव्हा तुम्ही कुठल्या भट्टीवर होतात, हे कुणी विचारलं नसणार. आज भट्टीचा शेठ पैसे तुमच्या हातात देतो, आणि एखादं कुटुंब रातोरात पळालं की वसुलीला तुमच्याच दारात येतो.

पण ती पोरगी चौदाची आहे हो! तिला पुस्तक वाचताना पाहिलंय का कधी? ओळीवरचं बोट थांबत नाही तिचं. त्या बोटांनी चिखल कालवायचा?

मागे राहणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह मंजूर होईल तेव्हा होईल. तिची आजी पाड्यावरच आहे, नातीला ठेवून घ्यायला तयार आहे. बापाला फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, उचल तिघांच्या नावावर घेतलीय, मुकादमाला विचारा."

म्हणून विचारतोय. तिच्या नावावर किती? आकडा कळवा.

आपला,
नववीचा वर्गशिक्षक